गाठीवरचं नाव

श्रीपादरावांनी पहिल्याच दिवशी माझा रुमाल कॉफीत बुडवला. आमची ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. म्हैसूरमधल्या एका लहानशा गेम बनवणाऱ्या कंपनीत मी नुकतीच रुजू झाले होते आणि ज्यांच्याकडून काम शिकायचं ते हे गृहस्थ: पन्नाशी ओलांडलेले, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट, कपाळावर कुंकवाचा बारीक ठिपका. मी नमस्कार केला. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "रुमाल आहे काय? पांढरा?"

मला वाटलं, घाम पुसायचा असेल. दिला. त्यांनी खणातून दोऱ्याचं रीळ काढलं, रुमालाच्या मधोमध मला चिमूट धरायला लावली आणि म्हणाले, "बांधा. घट्ट. नवऱ्यावर राग काढल्यासारखं." सहा महिन्यांपूर्वीच मी नवऱ्याचं घर सोडून सांगलीला भावाकडे आले होते, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! माझा हात जरा जास्तच जोरात चालला. मग त्यांनी स्टीलच्या फिल्टरमधलं काळंभोर डिकॉक्शन वाटीत ओतलं आणि माझा रुमाल सरळ त्यात बुडवला. मी ओरडलेच. "स्वल्प तडीरी," ते शांतपणे म्हणाले. जरा थांबा.

रुमाल पिळून त्यांनी दोरा सोडला. सगळं कापड तपकिरी झालं होतं, आणि मध्ये एक पांढरं, वेडंवाकडं वर्तुळ. "ही कॉफी म्हणजे माझी भाषा. सगळीकडं जाते. गाठीच्या आत जात नाही, अल्वा? हो की नाही? तिथं कापड आपलं मूळचं. इंजिनचा मूळ हुकूम द्यायचा असला की अशी गाठ मारायची. आत काय आहे ते माझी भाषा बघत नाही, विचारत नाही, सुम्ने, तशीच पुढं पाठवते. आयतु. ट्रेनिंग संपलं. ऊटा आयता?" जेवण झालं का, हा प्रश्न ते दिवसातून किमान चार वेळा विचारत आणि उत्तर 'नाही' आलं तर डबा उघडत.

या भाषेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गेम ज्याच्यावर चालतो त्या मुख्य प्रोग्रामला इंजिन म्हणतात. ते आम्ही बाहेरून विकत घेतलेलं होतं आणि त्याचे हुकूम इतके किचकट, की आमच्यासारख्या प्रसंग रचणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या माणसांच्या ते डोक्यावरून जायचे. श्रीपादरावांनी मध्ये एक साधी भाषा घडवली. तिच्यात बेचाळीस शब्द होते. चल. थांब. बोल. दाखव. लपव. वाट बघ. सोड. एवढ्यावर आम्ही अख्खा खेळ लिहायचो आणि त्यांचा प्रोग्राम त्याचं इंजिनला कळेल असं रूपांतर करायचा. बेचाळीस शब्दांत न बसणारं काही हवं असलं, तरच गाठ.

शब्द मराठी, आणि ऑफिसात मराठी येणारी माणसं दोनच, ते आणि मी. बाकीची सगळी कन्नड मुलं-मुली. "इल्ली ओंदु थांब हाकु," अशी त्यांची बोली चालायची. इथे एक 'थांब' टाक. मी श्रीपादरावांना विचारलं, मराठीच का? ते म्हणाले, "इंग्लिश शब्द इंजिनचे आहेत, त्यांच्याशी धडक होणार. कन्नड घेतलं असतं तर प्रत्येकानं सांगितलं असतं, हे असं नाही, आमच्या गावात तसं म्हणतात. मराठी इथं कुणाचंच नाही. भांडायला कोण येणार?"

हे खरंच असेल. पण एकदा डबा खाताना ते वेगळंच बोलले. त्यांचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं, गाठी बांधून कापड रंगवणारं आणि छापणारं, कित्येक पिढ्या म्हैसुरात. घरात मराठी, पण वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये संपायचं. "माझ्या आईकडं मराठी होतं टोपलीभर. माझ्याकडं आलं वाटीभर. मेघनाकडं..." मेघना म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. "मेघनाकडं बेचाळीस शब्दपण नाहीत बघा. मोजलेत मी." आणि हसले. मी काही हसले नाही.

कॉलेजात शिकलेले इंजिनियर नव्हते ते. कडकोळच्या एका कारखान्यात वीस वर्षं पॅकिंगच्या यंत्रांवर होते. तिथे यंत्र चालवणाऱ्या बायकांना पडद्यावरचे इंग्रजी हुकूम कळत नसत, म्हणून त्यांनी आपल्या मनाने सोपे हुकूम करून दिले, आणि त्यातूनच हे वेड लागलं. आमचे मालक नंदीश त्यांचा मुलगा शोभतील अशा वयाचे. त्यांनी कुठूनसं हे ऐकलं आणि त्यांना घेऊन आले. श्रीपादराव त्यांना सर म्हणत आणि नंदीशही त्यांना सर म्हणत. दोघं बोलायला लागले की ऐकणाऱ्याला दर वाक्याला एक सर मोजावा लागे.

गाठीच्या बाबतीत मात्र हा मऊ माणूस कडक होता. प्रत्येक गाठीच्या डोक्यावर दोन ओळी लिहायच्या: गाठ कोणाची, आणि कारण काय. गाठीच्या खाली एक ओळ: सोडणार कोण. "माझी भाषा जे करते ते तिचं ती निस्तरते. दार उघडलं तर बंद करते, दिवा लावला तर विझवते. गाठीतलं तिला ठाऊकच नाही, ती काय निस्तरणार? तिथं तुम्ही बांधलं, तर तुम्हीच सोडायचं. तुम्ही नसलात तर दुसऱ्यानं सोडायचं, पण नाव घालून." त्यांच्या आत्या म्हणे ओंजळभर गाठींच्या ढिगातून ओळखायच्या, ही रुक्मिणीने बांधली, ही सुभद्रेने. "हात कळतो हो. बांधणाऱ्याचा हात लपत नाही."

त्यांनी स्वतः लिहिलेली कारणं वाचायला आम्ही मुद्दाम त्यांच्या फाइली उघडायचो. 'कारण: आळस.' 'कारण: नंदीश सरांना निळा रंग आवडत नाही.' 'कारण: मला जमलं नाही, तुम्हाला जमलं तर काढा.' खोटं कारण एकही नाही. मी म्हटलं, "अहो, एवढं खरं कोण लिहितं? ग्राहकाने बघितलं तर?" तर म्हणाले, "वैशालम्मा, गाठ सोडणारा माझ्या पश्चात येणार. त्याला खरं नको कळायला?" मला ते वैशालम्मा म्हणत. मी अम्मा बिम्मा कोणाची नाही, असं मी पहिल्या आठवड्यातच सुनावलं होतं. त्यावर त्यांनी मला डब्यातली चित्रान्नाची, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताची, मूद वाढली आणि वैशालम्माच म्हणत राहिले.

मी तोंडाची फटकळ. माहेरी, सासरी, सगळीकडे मला त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं आहे. जिथे गप्प बसायला हवं तिथे मी बोलले, आणि त्याची किंमत मोजली. आता जे सांगायचं आहे ते नेमकं उलटं आहे.

आमचा खेळ होता एका मशालवाल्याचा. दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी त्याला पेटती मशाल सगळ्या गावातून सांभाळत न्यायची आणि शेवटी बन्नीमंटपच्या मैदानावर पोचायचं. तो शेवटचा प्रसंग माझ्याकडे होता. मशालवाला मैदानात पाऊल टाकतो, क्षणभर उभा राहतो, समोर शेकडो मशाली पेटतात. त्या क्षणी खेळणाऱ्याने बटणं दाबून त्याला हलवू नये, असं मला वाटत होतं. बेचाळीस शब्दांत त्याची सोय नव्हती. श्रीपादरावांना विचारलं असतं तर त्यांनी त्रेचाळिसावा शब्द करून दिला असता. पण पैसे घालणाऱ्या मंडळींना खेळ दाखवायचा दिवस दुसऱ्याच सकाळचा होता आणि मला वाटलं, कशाला म्हाताऱ्याच्या मागे लागा, आपल्याला येतंय की! मी गाठ मारली. आत इंजिनचा हुकूम घातला: खेळणाऱ्याची सगळी बटणं बंद. वर नाव घातलं नाही, कारण घातलं नाही. पडद्यावर पिवळी सूचना आली, 'ही गाठ कोणाची?' मी ती बाजूला सारली. आणि बटणं पुन्हा चालू करायचा हुकूम द्यायला मी विसरले.

सकाळी बेंगळुरूहून चार माणसं आली. खेळ रंगला. मशालवाला गल्ल्यांमधून धावला, वारा चुकवला, पाऊस चुकवला. बन्नीमंटपला पोचला, उभा राहिला, समोर मशाली पेटल्या. कोणीतरी 'वा' म्हणालं. आणि मग तो तसाच उभा राहिला. नंदीशनी बटणं दाबली, उजवीकडे, डावीकडे, जोरजोरात. मशालवाला ढिम्म. पाहुण्यांपैकी एक बाई खूप सभ्यपणे म्हणाल्या, "काही हरकत नाही, बाकीचं छान आहे." त्यांनी सभ्यपणे आणखीही एक विचारलं. ही घरगुती भाषा एकाच माणसाला कळते ना? मग असं काही झालं तर काय करता?

दुपारी चारला नंदीशनी सगळ्यांना बसवलं. ते वाईट नव्हते, घाबरले होते. सरळ बोलले, "मला एकच सांगा. दोष भाषेचा की लिहिणाऱ्याचा? भाषेचा असेल तर भाषा काढू, ते लोकही तेच म्हणतायत. लिहिणाऱ्याचा असेल तर त्याला काढू आणि मी त्यांना सांगेन, भाषा ठीक आहे."

माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं आणि त्यातले पाच झाले होते. ही नोकरी गेली तर पुन्हा भावाच्या दारात, आणि तिथे सगळे टपूनच बसले होते, बघा, हिचं कुठेच जमत नाही म्हणायला. तरी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात श्रीपादराव चष्मा पुसत म्हणाले, "गाठ माझी आहे सर. आणि माझ्या भाषेनं ती पकडली नाही. दोष भाषेचाच."

"नक्की सर?"

"हौदु सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तोंड मिटलं. एवढंच. त्यानंतर मिटलेलंच राहिलं.

संध्याकाळी मी त्यांच्या टेबलाशी गेले. "श्रीपादराव, ते सकाळचं..." ते फिल्टर विसळत होते. म्हणाले, "ऊटा आयता?" मी म्हटलं, नाही. त्यांनी डबा उघडला. त्यात सकाळचा थोडा भात उरला होता. मी तो खाल्ला आणि घरी गेले. लाज वाटते सांगायला, पण खाल्ला.

पुढच्याच महिन्यात माझी नोकरी पक्की झाली आणि श्रीपादरावांची भाषा बंद झाली. बाहेरून एक तयार साधन विकत आणलं. आता जुन्या सगळ्या फाइली त्या नव्या साधनाच्या हुकमांत उतरवायच्या होत्या, आणि जुनी भाषा पुरती कळणारा माणूस एकच. म्हणजे ज्याने ती केली त्यालाच ती मोडायला बसवलं. रोज सकाळी ते एकेक फाइल उघडत, 'थांब' काढून तिथे इंग्रजी शब्द घालत, 'वाट बघ' काढून इंग्रजी शब्द घालत. तक्रार नाही, उसासा नाही. एकदाच मला म्हणाले, "रंग उतरवतोय, वैशालम्मा. आमच्या घरात रंग चढवायला सगळ्यांनी शिकवलं. उतरवायला कुणी शिकवलं नाही बघा. स्वल्प वेळ लागतोय."

मी माझ्या मनाची समजूत घातली होती. त्यांनी स्वतः शेकडो गाठी मारल्या होत्या; तीही आपलीच असेल असं त्यांना खरंच वाटलं असेल. घाईगर्दीत बांधलेली, विसरलेली. वय झालं आहे. असं मी रोज स्वतःला सांगायची आणि रोज त्यांच्यासमोर बसून त्यांचं चित्रान्न खायची. ऑफिसातली मुलंही हळूहळू 'थांब' म्हणायची बंद झाली. नवी मुलं आली, त्यांना तो शब्द ठाऊकच नव्हता.

आठ महिने हे चाललं. नवा खेळ बाहेर पडला, बरा चालला. श्रीपादरावांची बहीण हुणसूरला असते. दर रविवारी ते तिच्याकडे जात आणि संध्याकाळच्या बसने परत येत. एका रविवारी बस म्हैसूरच्या स्टँडवर रिकामी झाली तरी ते खिडकीशी बसूनच राहिले. कंडक्टरला वाटलं, डोळा लागला असेल. त्याने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. हृदय थांबलं होतं. मांडीवर बहिणीने दिलेली भाजीची पिशवी तशीच होती.

मी दहाव्या दिवशी भेटायला गेले. मेघना आता नोकरीला लागली होती, आईला सांभाळत घरातलं सगळं तीच बघत होती. तिने मला आत नेलं, श्रीपादरावांचा जुना लॅपटॉप पुढे ठेवला आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये म्हणाली, "वैशाली अक्का, अप्पा तिथं काय करत होते, आमाला कधी नीट कळलंच नाही. तुमी दाखवा की."

त्यांनी सगळ्या जुन्या फाइली नीट ठेवल्या होत्या, रंग उतरवण्याच्या आधीच्या. मी पहिलीच उघडली. मेघना पडद्याशी वाकून एकेक शब्द बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. "चल. थांब. बघ. बोल." मध्येच थांबली. "अक्का, हे सगळं अप्पा आमाला घरी म्हणायचे. हे तर मला येतंय." मग ती बेचाळीसच्या बेचाळीस शब्द शोधत सुटली, रडत रडत, आणि एकही अडला नाही. मोजण्यात चुकले होते श्रीपादराव. पोरीकडे होते सगळे.

मग ती म्हणाली, "शेवटचं दाखवा. तो मशालवाला पोचतो ते."

मी ती फाइल उघडली. खाली खाली गेले. तीच गाठ, माझाच हुकूम, माझ्याच हाताचा. जागा सोडायची माझी धांदरट सवय होती तशीच. पण आता ती गाठ निनावी नव्हती. डोक्यावर दोन ओळी होत्या.

'गाठ: श्रीपाद.'

'कारण: प्रोबेशन.'

आणि गाठीखाली बटणं पुन्हा चालू करणारा, मी विसरलेला हुकूम, आणि त्याखाली, 'सोडली: श्रीपाद.' फाइलीवर त्याच दिवसाची तारीख होती, वेळ दुपारी तीनची. मीटिंगच्या तासभर आधीची.

म्हणजे त्यांना कळलं होतं. दोष कोणाचा ते, नंदीश काय विचारणार ते, त्यावर मी काय करेन ते, आणि मी काय करू शकणार नाही तेसुद्धा. पाच वर्षांची भाषा एका पारड्यात आणि एका फटकळ, घाबरट बाईची नोकरी दुसऱ्यात, असं त्यांनी तासभर आधी बसून ठरवलं होतं. आणि तिथेही खोटं कारण लिहिलं नव्हतं. आयुष्यात खोटं एवढंच बोलले, 'गाठ माझी आहे सर'.

मी ढसाढसा रडले. मेघना घाबरली, तिला वाटलं मी तिच्यामुळे रडतेय. मग मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, मीटिंगपासून त्या उरलेल्या भातापर्यंत. "तुझ्या अप्पांची भाषा माझ्यामुळे गेली. ती गाठ माझी होती गं. मी बोलले नाही."

मला वाटलं, आता ऊठ म्हणेल. तसं म्हणाली असती तर बरोबरच होतं. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "मग तुमचं नाव घाला," ती म्हणाली. आवाज कडक होता, अगदी गाठीबद्दल बोलताना अप्पांचा व्हायचा तसा.

मी वरच्या ओळीतलं 'श्रीपाद' पुसलं आणि तिथे 'वैशाली' लिहिलं. कारणाला हात लावला नाही. ते खरंच होतं. मेघनाने खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे?"

"ते राहू दे," मी म्हटलं. "ती त्यांनीच सोडली."

फाइल जतन केली. ती भाषा आता कुठल्याच यंत्रावर चालत नाही. आतून मेघनाच्या आईने हाक मारली, "ऊटा आयता?" आणि आम्ही दोघी एकदमच म्हणालो, नाही.